पुढची सीट

फ्लोरिडात मायामीहून ‘की वेस्ट’ बेटावर जायला आम्ही ड्रायव्हरसकट गाडी ठरवली, ते साल सत्त्याऐंशी असावं. ड्रायव्हर साठीचा, भर उन्हातही कोट घातलेला गोरा माणूस होता. मी सवयीने पुढचं दार उघडून त्याच्या शेजारची सीट पकडली. बाईमाणूस मागे आणि पुरुष ड्रायव्हरजवळ, हे अंगात इतकं मुरलेलं, की ह्यूस्टनमध्ये दहा वर्षं काढूनही सुटलं नव्हतं.

तो जरा घुटमळला. माझी बायको मागे बसलेलीच होती. तरी त्याने तिच्या पलीकडचं दार उघडलं, कुणी आत बसेपर्यंत थांबावं तसा थांबला आणि हलकेच लावून घेतलं.

वाटेत तो सारखा आरशात बघायचा. बायकोकडे नव्हे, तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. समुद्रावरचा तो न संपणारा पूल आला तसा त्याने रेडिओ बंद केला. मी फोटो काढत सुटलो. बायकोने भीतीने डोळे मिटून घेतले.

की वेस्टला त्याने पुन्हा ते दार उघडून धरलं. मग हॅट काढून मला म्हणाला, "पुलावर माझी बायको फार घाबरते, सर. आज तुमच्या मिसेस शेजारी होत्या, म्हणून बरं झालं."

म्हातारा चळलाय, असं मी मनात म्हटलं. गाडी गेल्यावर बायको म्हणाली, "पुलावर तुम्ही मागे हात करून माझा हात धरलात, तेव्हा कुठे धीर आला. पण केवढा गार पडला होता हो तुमचा हात!"

पुलावर माझे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते. तिला मी ते अजून सांगितलेलं नाही. भाड्याच्या गाडीत मात्र आता मागेच बसतो, तिच्या शेजारी.