हिस्सेवाले मास्तर

अनसिंगच्या हिस्सेवाल्या मास्तरांचा मी वीस वर्षं हेवा केला, हे आता सांगून टाकायला हरकत नाही. मी वाशीमच्या कोर्टात वकील; काळा कोट, भिंतभर पुस्तकं. ते उर्दू शाळेतून रिटायर झालेले, खिशात खडू. तरी आमच्या मुसलमानांत कुणी गेलं की वारसांचे पाय त्यांच्या ओट्याकडे वळायचे. माझ्याकडे लोक यायचे ते भांडण पार सडल्यावर.

मयताच्या घरी जाऊन मास्तर अंगणातल्या फरशीवर खडूनं शेत काढायचे. विहीर, बांध, पांदण, सगळं. आधी मयताचं देणं आणि बायकोचा मेहर बाजूला काढायला लावायचे, मग एकेका वारसाला नावानं हाक मारायचे. "उभी राह्य बाई आपल्या हिश्श्यात." आत बसलेल्या बायकासुद्धा बाहेर येऊन त्या रेघांत उभ्या राहायच्या. मला हा पोरखेळ वाटायचा, आणि या पोरखेळानं तंटे मिटायचे म्हणून माझा जळफळाट व्हायचा.

आमच्याकडची रीत अशी, की बहिणीनं "मले नको" म्हणायचं, माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. आणि भावांनी लगेच हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यायची. मास्तर ते मानत नसत. "मयतीच्या चाळीस दिवसांत बाई जे बोलते ते रडनं असते, कबुली नसते," असं ते म्हणत. "आधी सातबाऱ्यावर नाव चढू द्या. सालभरानं सोडाचं तं सोडू द्या तिले." त्या भागातली निम्मी हक्कसोडपत्रं मीच लिहिलेली, त्यामुळे हा टोला कुणाला होता ते मला कळत होतं.

मग आमचे अब्बा गेले. आठ एकर शेत. मागे अम्मी, आम्ही तीन भाऊ, आणि शिरपूरला दिलेली एकुलती बहीण झुबेदा. मी थोरला. कागद टाईप करून तयारच ठेवला होता. झुबेदा आली ती मास्तरांना घेऊन. घरात वकील भाऊ असताना तिनं परका माणूस आणला, हे मला फार लागलं.

मास्तरांनी फरशीवर आठ एकर काढले. अम्मीला एक, आम्हा भावांना दोन-दोन, झुबेदाला एक. ती चप्पल काढून आपल्या चौकोनात उभी राहिली. मी कागद पुढे केला. "कर सही, मागून तुले चकरा नको."

"वकीलसाहेब," मास्तर म्हणाले, "तिले इचारलं का तुमी?"

सगळ्यांसमोर मी कागदाची घडी करून खिशात घातली. तिचं नाव सातबाऱ्यावर चढलं.

मी बरोबर वर्षभर थांबलो, मग तिला विचारलं, "झुबेदा, सोडतं का आता?"

"भाई, तवा तुमी मांगलं असतं तं देल्लं असतं. तुमी तं कागदच घेऊन आले."

"आन् आता?"

"आता नाई. आता ते माह्यं हाये."

त्या एकरात ती तूर लावते. नवी तूर निघाली की पहिली पिशवी मास्तरांकडे जायची, दुसरी माझ्याकडे. दुसऱ्या पिशवीतलं वरण मला कधी गोड लागलं नाही.

आता भाऊ हक्कसोडीचं काम घेऊन आले की मी त्यांना बाहेर बसवतो आणि बहिणीला एकटीला विचारतो. बरीच कामं त्यामुळे हातची जातात. ही पद्धत कुणाची, हे मात्र मी कुणाला सांगत नाही.

या उन्हाळ्यात मास्तर गेले. झुबेदा पहिल्या बसनं आली, आधी त्यांच्या घरी गेली आणि दफन झाल्यावर माझ्याकडे. खाटेवर बसून ती रडत राहिली. अब्बा गेले तेव्हा ती इतकी रडली नव्हती. तेव्हा आम्ही तिला रडायला वेळ तरी कुठे दिला होता? मी पाण्याचा पेला तिच्यापुढे धरला.

"भाई," ती म्हणाली, "आपल्या घरातला मोठा मानूस गेला."

अब्बांच्या मागे घरातला मोठा माणूस मी होतो.