डावा हात खिशात

भोईर सरांचा डावा हात कायम पँटच्या खिशात असायचा. आयटीआयच्या पहिल्या दिवशी ते वर्गात आले तेही तसेच, उजव्या हातात खडू आणि डावा हात खिशात. आम्हाला वाटलं, माणूस भलताच ऐटीत दिसतोय. मागच्या बाकांवरच्या मुलांनी दुपारपर्यंत त्यांची नक्कलसुद्धा बसवली.

कारण कळलं ते महिनाभराने, त्यांनी पहिला स्कोप उघडून टेबलावर ठेवला तेव्हा. ऑसिलोस्कोप हे त्याचं पूर्ण नाव, पण इतकं लांब नाव कोण घेतंय? तारेतली वीज डोळ्यांना दिसत नाही. हे यंत्र ती छोट्या गोल पडद्यावर हिरव्या रेषेने काढून दाखवतं. ते जुने स्कोप म्हणजे लोखंडी पेट्या होत्या, एकट्याला उचलणार नाहीत अशा.

"याच्या पोटात दोन हजार व्होल्ट आहे," सर म्हणाले. "दोन्ही हात आत घातले तर करंट एका हाताने शिरतो, दुसऱ्याने बाहेर पडतो. वाटेत काळीज लागतं. म्हणून आत एकच हात. डावा खिशात."

सगळ्या मुलांचे डावे हात खिशात गेले. वर्गात आम्ही दोनच मुली, दोघींच्या अंगात गणवेशाचा कुडता.

"सर, मला खिसाच नाही," मी म्हटलं. वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत.

"मग शिवून घे. डाव्या बाजूला. मनगटापर्यंत हात आत गेला पाहिजे."

आईने उरलेल्या कापडातून खिसा लावून दिला. त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. आजही माझ्या प्रत्येक कुडत्याला डावीकडे खोल खिसा असतो. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या माझ्या शिंप्याने विचारणंसुद्धा सोडून दिलंय.

सर बदलापूरजवळच्या एका गावातले, आगरी शेतकऱ्याच्या घरातले. वर्गात स्वच्छ पुस्तकी बोलायचे, पण चिडले किंवा खूश झाले की गावची बोली वर यायची. कथिल वितळवून तार जोडायचं माझं पहिलं सोल्डर पाहून म्हणाले होते, "काय केलंस गो ह्या? शेणाचा गोला बरा." दुसऱ्यांदा काही बोलले नाहीत. तेव्हा कळलं की जमलं. मी आज अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत मोजमापाची यंत्रं तपासते. कुठलं यंत्र खरं बोलतं आणि कुठलं खोटं, हे सांगायचा मला पगार मिळतो. हे सगळं शिकवलं सरांनी, आणि हे वाक्य लिहिताना मला लाज का वाटते ते पुढे येईलच.

त्यांची दोन वाक्यं आमच्या सगळ्या बॅचला पाठ होती. एक, "बंद केलं म्हणजे संपलं असं नसतं. आत अजून असतं." स्कोप बंद केल्यावरही त्यातल्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, लगेच हात घातला तर ती आपला हिशेब चुकता करते. आणि दुसरं, "आधी आपली प्रोब तपास, मग यंत्रावर संशय घे." प्रोब म्हणजे जिच्या टोकाने आपण मोजतो ती वायर. निम्म्या वेळा यंत्र शहाणं असतं आणि आपली वायरच तुटलेली असते.

सर निवृत्त झाले त्याच सुमाराला लॅबमध्ये नवी, चपटी यंत्रं आली आणि जुने स्कोप निर्लेखित झाले. निर्लेखित हा सरकारी शब्द. साध्या भाषेत भंगारात गेले. सरांना कळलं तसे ते माझ्याकडे आले. मी राहते उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, आणि या भागातलं भंगार फिरून फिरून शेवटी तिथेच येतं. आम्ही दोघं गल्ल्या पालथ्या घालत ताराचंदशेठच्या दुकानात पोचलो. मागे कुलरच्या सांगाड्यांखाली आमचे स्कोप पडले होते.

"मास्तरजी, ये डब्बे अंदर से खलास हैं," शेठ म्हणाले. "तांबा निकालने को रखे हैं."

सरांनी एका पेटीची मागची बाजू रुमालाने पुसली. पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये सातचा आकडा, त्यांच्याच अक्षरातला. "शेठ, ह्यातलं तांबं काढायचं नाही. हा माझा सात नंबर आहे. हिची बॅच ह्याच्यावर शिकली."

शेठने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा सरांकडे. "साईं, अपना बच्चा है तो घर ले जाओ," ते म्हणाले, आणि पेटी टेम्पोत चढवायला स्वतः हात लावला.

तेव्हापासून सरांच्या बदलापूरच्या फ्लॅटमधली आतली खोली स्कोपची झाली. काकू म्हणायच्या, "पाहुण्यांना टेकायला जागा नाही, पण ह्यांच्या पेट्यांना पलंग आहे." बोलायच्या, आणि त्या पेट्यांवरची धूळ दुसऱ्या कुणाला पुसू द्यायच्या नाहीत. सरांची कामाची पद्धत फार सावकाशीची. बरीच वर्षं बंद पडलेला स्कोप ते कधीही थेट प्लगला लावत नसत. मध्ये शंभरचा बल्ब जोडायचा, म्हणजे वीज बल्बमधून अडखळत, थोडी थोडी आत जाते. आज दहा मिनिटं, उद्या अर्धा तास. "झोपलेल्या म्हाताऱ्याला हाक मारून उठवायचं, गदागदा हलवायचं नाही," ते म्हणायचे. पंधरा दिवसांनी, महिन्याने कधीतरी पडद्यावर हिरवी रेषा उमटायची. मग सर स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडायचे, "आली गो!" काकू पिठाचे हात घेऊन बघायला यायच्या. दरवर्षी खंडेनवमीला सगळे स्कोप एकदम चालू करायचे, प्रत्येकावर झेंडूचं फूल, आणि जेवायला मी.

काकू अचानक गेल्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेली, टुणटुणीत बाई, दोन दिवसांत संपली. सरांची मुलगी वैशाली पुण्याहून येऊन महिनाभर राहिली. सर कुणाशी बोलेनात. मी दर रविवारी जायची, चहा करायची, ते प्यायचे. आतल्या खोलीला कडी होती. चार महिने त्यांनी पेचकस हातात घेतला नाही.

आणि एका रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला. आवाजात जान होती. "सुजाता, सात नंबरची लाईन टोकांना मरते. येऊन बघ."

मी रिक्षा करून धावत गेले. आतल्या खोलीची कडी निघाली होती. सात नंबर चालू होता आणि सर त्याच्यासमोर, डावा हात खिशात, दाढी केलेले.

"बघ. मध्ये झकास आहे. दोन्ही टोकांना फिकी पडते. दिसलं ना?"

मी पाहिलं. रेषा या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ, एकसारखी, लख्ख होती. मी मान वर केली तर सर माझ्याकडे बघत होते. चार महिन्यांनी त्या चेहऱ्यावर काहीतरी हवं असल्याची खूण होती.

"हो सर," मी म्हटलं. "जराशी."

मला वाटलं, गुंतलेले राहू देत. काम मिळालंय, तर कशाला हिरावून घ्या? इतका साधा विचार होता तो. मी त्यात माझी मायाच पाहिली, दुसरं काही पाहिलं नाही.

पुढचे आठ महिने सर तो दोष शोधत होते. कंडेन्सर बदलले, आतले काचेचे व्हॉल्व्ह बदलले. दुसरे स्कोप लावून पाहिले तर त्यांचीही टोकं फिकी. तेव्हा म्हणाले, "सगळ्यांच्या पडद्याच्या ट्यूबा एकाच वर्षाच्या. एकदमच म्हाताऱ्या झाल्या." मला हसू आलं होतं त्यावर. दरम्यान बाजूला ठेवलेला चहाचा कप त्यांच्या कोपराने दोनदा सांडला. कपाटाच्या उघड्या दाराने कपाळाला खोक पडली. मी हळद लावली आणि म्हटलं, वय झालं. दिवसभर कंपनीत बसून इतरांच्या चुका पकडणारी मी, माझ्या डोळ्यांसमोरची चूक मला दिसली नाही.

ट्यूबेच्या शोधात ते पुन्हा कॅम्प चारला आले आणि ताराचंदशेठचा मला फोन आला. "बेटा, मास्तरजी को हाथगाड़ी लग गई. ज्यादा नहीं लगा. लेकिन गाड़ी बाजू से आ रही थी, आवाज भी दिया, इन्होंने देखा ही नहीं. इनकी आँख दिखाओ."

अंबरनाथच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू. नजर कडेकडून आत खात येतो, दुखत नाही, कळतही नाही. मधलं तेवढं शेवटपर्यंत दिसत राहतं. "गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलेली टिकवायचा प्रयत्न करू, पण आता फार थोडी उरलीय. सात-आठ महिने आधी आला असतात तर बरीच हाताशी राहिली असती."

सात-आठ महिने. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

परतताना रिक्षात सर स्वतःशीच म्हणाले, "मना वाटला, यंत्र बिघडला." थोड्या वेळाने माझ्याकडे वळले.

"सात नंबरची लाईन. तुला पूर्ण दिसत होती?"

"हो सर."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो." मग मी रडत रडत म्हटलं, "काकू गेल्यावर तुम्ही पहिल्यांदाच नीट बोलला होतात, सर."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बोली वर आली असती. अगदी वर्गातल्या स्वच्छ भाषेत म्हणाले, "रीडिंग खोटं द्यायचं नसतं, सुजाता." घर आलं तेव्हा जिन्याच्या कठड्याला धरून एकटेच वर गेले. मी हात पुढे केला होता, तो त्यांना दिसला नसावा असं मी मानते.

त्यानंतर त्यांनी माझा फोन घेतला नाही. वैशालीकडून कळायचं. थेंब घालतात, पण नजर उतरतेच आहे. ती पुण्याला चला म्हणते, ते नाही म्हणतात.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. "फुलं आणलीयत. ये."

मी गेले तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. स्कोपवर झेंडू ठेवलेले होते, एकदोन घसरून खाली पडलेले. त्यांनी चाचपत सात नंबर चालू केला, त्याची घरघर ऐकली, आणि म्हणाले, "सांग काय दिसतं."

रेषा पूर्ण होती. पण सरळ नव्हती. मला "छान आहे सर" म्हणायचा इतका मोह झाला की जीभ दाताखाली धरावी लागली.

"तिरकी आहे, सर. उजवीकडे खाली उतरलीय. पडद्यावरच्या चौकोनांतलं अर्धं घर."

सर हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "चुकीच्या बाजूला फिरलीय ट्यूब. बंद कर. थांब, लगेच हात घालू नको."

"आत अजून असतं," मी म्हटलं.

"हां. डावा हात?"

"खिशात."

त्यांनी सांगितलं तसा ट्यूबभोवतीचा पट्टा सैल करून मी ट्यूब किंचित फिरवली. पुन्हा चालू केलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा बंद केलं. चौथ्या खेपेला रेषा सरळ झाली. जेवताना म्हणाले, "तू एकदा खोटं बोललीस. मी आठ महिने प्रोब तपासली नाही. पोरांना तीस वर्षं काय शिकवलं मी?" मी काही बोलणार तर म्हणाले, "आता माझ्याकडे तुझेच डोळे आहेत. नीट सांगत जा." त्यांनी मला माफ केलं, असं वैशाली म्हणते. मी मात्र अजून स्वतःला केलेलं नाही.

पुढे दीड वर्ष दर रविवारी मी बघायची, सांगायची, आणि ते दोष ओळखायचे. दोन स्कोप आम्ही तसे उठवले.

मग छातीत कफ झाला आणि त्यांना बदलापूरच्या हॉस्पिटलात ठेवलं. सहाव्या दिवशी सकाळी मी भेटायला गेले. पलंगाशेजारच्या यंत्रावर हिरवी रेषा पळत होती. वैशालीने दारातच माझा हात दाबला. "ताई, सगळं ठीक आहे म्हणा हं."

सरांनी माझी पावलं ओळखली. यंत्राचा आवाज त्यांना कधीचा ऐकू येत असणार.

"लाईन कशी आहे?"

वैशाली माझ्याकडे बघत होती.

"उंची कमी झालीय, सर," मी म्हटलं. "कालच्यापेक्षा. आणि मध्ये मध्ये एखादा ठोका चुकतोय."

वैशालीने तोंड फिरवलं. सरांनी मान हलवली, बाकावरून पोराने बरोबर उत्तर दिल्यावर हलवायचे तशी. "खरा सांगितलंस गो," ते म्हणाले.

मग त्यांचा डावा हात कमरेपाशी चाचपडू लागला. हॉस्पिटलच्या त्या गाऊनला खिसा नव्हता. हात पुन्हा पुन्हा कापडावरून घसरत होता. मी खुर्ची पलंगाला लावली, तो हात धरला आणि माझ्या कुडत्याच्या खिशात घातला. मनगटापर्यंत आत गेला. मग तो शांत झाला, आणि दुपारी रेषा सपाट झाल्यावर नर्सने मला उठवेपर्यंत तिथेच होता.