बसण्याची सावड

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत एकटे बसण्याची सोय कोणालाही नव्हती, कारण तिथे माझे दाजी समाजशिक्षण संघटक होते. साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. सरकारने विकास गटांच्या कचेऱ्या उघडल्या होत्या आणि बियाणे, विहिरी, कोंबड्या यांच्या जोडीला माणसांनी एकत्र यावे, हेही सरकारी काम झाले होते. त्यासाठी गावाला रेडिओ, भजनी मंडळाला टाळ-मृदंग, तरुणांना लेझीम असे साहित्य मिळे. खालापूरच्या कचेरीतले बाकीचे लोक साहित्य पोचवत, सही घेत आणि घरी जात. दाजींनी मात्र आपल्या हुद्द्याचा अर्थ असा लावला होता, की या हद्दीत कुठेही एखादा माणूस एकटा दिसला तर ती सरकारची आणि पर्यायाने त्यांची नाचक्की.

मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकाचा कर्जतचा बातमीदार होतो आणि ताईकडेच राहत होतो. बातमी लिहायला एकांत लागतो हे दाजींना शेवटपर्यंत पटले नाही. मी ओटीवर कागद घेऊन बसलो की रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही ते आत बोलवत. ‘आमचा मेहुणा एकटाच लिहीत बसलाय बिचारा, जरा बसा त्याच्यापाशी.’ नेरळच्या पाणीटंचाईची बातमी मी एका कल्हईवाल्याच्या आणि एका निवृत्त तलाठ्याच्या देखत लिहिली. तलाठ्याने दोन दुरुस्त्या सुचवल्या. दोन्ही चुकीच्या होत्या. खालापूरच्या एसटीत एकदा दोन गृहस्थ लांब लांब बसलेले पाहून दाजींनी दोघांना एका बाकावर आणले. ते एका बांधावरून कोर्टात भांडणारे चुलतभाऊ होते आणि तारखेलाच निघाले होते. खालापूर येईपर्यंत एकाचा चष्मा फुटला होता. ‘निदान बोलायला तरी लागले,’ दाजी म्हणाले. गावच्या रेडिओपाशी बायका गाणी ऐकायला जमल्या की दाजी पहिले गाणे संपताच रेडिओ बंद करत आणि ‘आता यावर चर्चा’ असे जाहीर करत. बायका उठून जात. ताई म्हणायची, ‘ह्यांना स्मशानात नेलं तर शेजारच्या चितेची चौकशी करतील.’ स्वतः दाजी किती बोलत, हे मी लिहीत नाही. त्याला जागा पुरणार नाही.

पळसदरीजवळच्या बुद्धवाडीत भिवाबाबा म्हणून एक म्हातारा होता. रेल्वेत गँगमन होता, निवृत्त झाला आणि पाठोपाठ त्याची बायको वारली. त्यानंतर त्याने बोलणे सोडले. चूल पेटवी ना, दार उघडी ना. पुतण्यांनी काही दिवस भाकरी नेऊन दिली. ती तशीच परत येई. शेवटी थोरला पुतण्या दाजींना म्हणाला, ‘सायेब, आमच्यानं आता व्हनार नाय. लावणी उरकली का काकाला ठाण्याला नेऊन घालतो.’ ठाण्याला, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. दाजी त्या रात्री जेवले नाहीत. ‘लावणी उरकेपर्यंत,’ एवढेच ते स्वतःशी म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या गावातले भजनी मंडळ सरकारी टाळांसकट भिवाबाबाच्या दारात नेऊन उभे केले. पहिला अभंग अर्धा झाला आणि कित्येक दिवसांनी ते दार उघडले. म्हातारा म्हणाला, ‘सायेब, आमी द्येव कवाच सोडलं. तुमाला कुनी सांगितलं नाय?’ आणि दार लावून घेतले. वाडीतल्या सगळ्यांना हे माहीत होते. दाजींनाही माहीत होते. पण टाळ सरकारी असल्यामुळे ते कोणत्याही धर्मात चालतील, असा त्यांचा समज होता. परत आल्यावर ते खुशीत होते. ‘बोलला तर खरा!’

मग ते सायकलवरून एकटेच जाऊ लागले आणि अशाच एका खेपेला बांधावरून खाचरात पडले. पाय घोट्यात मुरगळला. लावणीचे दिवस, वाडीतली सगळी माणसे शेतात. उचलून स्टेशनापर्यंत आणणार कोण? पुतण्यांनी त्यांना जवळच्या दारात नेऊन टेकवले. ते दार भिवाबाबाचे होते. म्हाताऱ्याने पायाकडे पाहिले, निर्गुडीचा पाला आणला, गरम करून बांधला. पाहुण्याला पेज करून घालणे भाग होते म्हणून चूल पेटली, आणि पाहुणा एकटा जेवायला तयार नव्हता म्हणून दुसरी थाळी वाढली गेली. दाजी पाय बरा होईपर्यंत तिथे राहिले आणि झोपेचे तास सोडता बोलत राहिले. म्हातारा हूं की चूं करत नसे. कर्जतला आमच्या घरात त्या दिवसांत इतकी शांतता होती, की मी सगळ्या तुंबलेल्या बातम्या लिहून मोकळा झालो.

दाजी घरी परतल्यावर थोड्याच दिवसांनी सकाळी भिवाबाबा आमच्या ओटीवर येऊन बसला. नमस्कार नाही, काम सांगणे नाही. दाजींनी बोलायला सुरुवात केली. तो ऐकत बसला. दुपारी ताईने ताट वाढले. तो जेवला आणि पुन्हा बसला. संध्याकाळी उठून गेला. दुसऱ्या दिवशी परत हजर. तिसऱ्या दिवशी मी कागद आपटून विचारले, ‘बाबा, तुमचं काम तरी काय आहे?’

‘सावड फेडतोय,’ तो म्हणाला.

सावड म्हणजे लावणीतली रीत. आज तू माझ्या शेतात ये, उद्या मी तुझ्या. पैसे नाहीत, दिवसाला दिवस. ‘सायेब माज्याकडं दिस काडून बसलं. मला बी बसाया पायजे.’

मी म्हटले, ‘पण तुम्ही त्यांना जेवू घातलंत, पाय शेकलात. उलट देणं त्यांच्याकडे निघतं.’

त्याने माझ्याकडे दयेने पाहिले. ‘लावणीला आलेल्याला जेवान तर घालावंच लागतंय. त्यानं दिस फिटतोय व्हय?’

दुपारी थोरला पुतण्या धापा टाकत आला. सलग तिसऱ्या दिवशी काकाच्या दाराला दिवसा बाहेरून कडी पाहून तो नदीपर्यंत शोधून आला होता. ‘काका, चल रं घरी. काय येड्यासारकं लोकाच्या दारात बसतोस?’ म्हातारा जागचा हलला नाही. दाजींनी तोंड उघडले, पण ताईने त्यांना हाताने थांबवले. असे क्वचितच घडे. ती पुतण्याला म्हणाली, ‘ज्याला देणंघेणं एवढं कळतं, त्याला ठाण्याला काय म्हणून नेतोस रे? तुझ्याकडे यंदा किती जणांची सावड फेडायची राहिलीय, सांग बघू.’ पुतण्या पायाच्या अंगठ्याने ओटीची कड उकरत राहिला. मग तोही जेवून गेला. ठाण्याचे नाव पुन्हा निघाले नाही.

दाजींनी लगेच कचेरीला अहवाल पाठवला, की एकाकी माणसांसाठी बसण्याची सावड ही योजना जिल्हाभर राबवावी. यासाठी कोणते साहित्य लागेल, अशी उलट विचारणा आली. काहीच लागणार नाही, असे दाजींनी कळवले आणि योजना तिथेच संपली. ती फक्त आमच्या ओटीवर चालू राहिली. दाजी पळसदरीला गेले की मुद्दाम एक दिवस जास्त बसत, म्हणजे म्हाताऱ्याकडे एक बाकी राही. तो आला की तोही तेच करी. हिशेब कधीच मिटला नाही. एक अखंड बोलणारा आणि एक अखंड गप्प बसणारा, यांच्यामध्ये बसून मी पुढची कितीतरी वर्षे बातम्या लिहिल्या. त्या चांगल्या उतरल्या नसतील तर माझा नाइलाज होता.

दाजी अचानक गेले, कचेरीतच, चार माणसांशी बोलता बोलता. त्यांचा बाकी राहिलेला दिवस फेडायची पाळी भिवाबाबावर होती. दिवसकार्य आटोपल्यावर तो आला, आपल्या जागी बसला आणि संध्याकाळी उठला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. ताई म्हणाली, ‘बाबा, आता तर सगळं फिटलं ना?’

‘त्ये सायबाचं फिटलं, ताई. ह्यो आजचा तुमच्यावर चडला.’

ताईने माझ्याकडे पाहिले. त्या रविवारी मी पळसदरीला गेलो. कळवण्याजोगी बातमी तिथे नव्हती. भिवाबाबाने पेज केली, आम्ही जेवलो आणि दारात बसलो. एकांत म्हणून मी इतकी वर्षे जो मागत होतो, तो तिथे होता. दुपार कलली तरी आम्ही दोघे काही बोललो नाही. अधूनमधून तो वाटेकडे पाही, मग मीही पाही. दोघांनाही बोलणाऱ्याची सवय झाली होती.