मामाने स्वतःसाठी निवडलेले बूट

माझा मामा सायकलच्या दुकानात बूट विकतो. खाली सायकली, वर बूट, आणि वर सगळं मामाचं राज्य: एक लांब बाक, पाय मोजायची लोखंडी पट्टी आणि छतापर्यंत खोकी. गिऱ्हाईक जिना चढून आलं की मामा आधी खोक्यांकडे बघतच नाही.

"बसा. चालवता कुठे?"

गिऱ्हाइकाला हा प्रश्न आवडत नाही. त्याचं मोबाइलवर बघून सगळं ठरलेलं असतं. "मला ते क्लिपवालेच द्या हो. काळे, हिरवी रेघ आहे ना, ते."

"देतो की. पण चालवता कुठे?"

"डोंगरात."

"चढायला जाता की उतरायला?"

"दोन्ही. म्हणजे, चढताना आम्ही जरा ढकलतो."

"किती जरा?"

"तसं... बऱ्यापैकी जरा."

झालं. मामाच्या लेखी डोंगरात सायकल घालणाऱ्यांच्या तीनच तऱ्हा. काही चढणारे, मान खाली घालून तासन्‌तास पेडल मारत बसणारे. त्यांना कडक तळव्याचा, पेडलमध्ये खटकन अडकणारा क्लिपचा बूट, कारण मऊ तळवा वाकला की पायाचा निम्मा जोर त्या वाकण्यातच जिरतो. काही उडणारे, ज्यांना उताराशिवाय दुसरं काही दिसत नाही. त्यांना सपाट, चिकट रबराचा बूट, म्हणजे तोल गेला की पाय झटकन सोडवून जमिनीवर टाकता येतो. आणि राहिले ढकलणारे, जे स्वतःला पहिल्या दोघांत धरतात. त्यांच्यापुढे मामा चवड्याशी वाकणारा, खाली खोल खाचा असलेला बूट गुपचूप आणून ठेवतो.

"म्हणजे मी नवशिका वाटतो का तुम्हाला?"

"छे छे! तुमचा फक्त चालण्याचा भाग जास्त आहे."

मग मामा गुडघ्यावर बसतो, अंगठ्याने बुटाचं नाक दाबून बघतो. "बोटं हलवा. हलतात? अजून हलवा, लाजू नका. बोटांना आत माहेरी आल्यासारखं वाटलं पाहिजे. घट्ट बूट म्हणजे वेगवान बूट, हे कुणी घातलं तुमच्या डोक्यात?"

मामा स्वतः उडणाऱ्यांतला. दर रविवारी कप्तानाच्या टोळीबरोबर डोंगराच्या धारेवरून खाली. कप्तान एरवी शाळेत भूगोल शिकवतो, पण हेल्मेट घातलं की त्याचा सेनापती होतो. उतारावर मात्र पुढे मामाच, म्हणून टोळी त्याला मास्तर म्हणते; बाकीचे त्याच्या मागच्या चाकाकडे बघून वळणार. आणि मामाच्या पायात कायम सपाट बूट. "पेडल मला तळव्याला कळावं लागतं. कुठे आहे, कधी निसटतंय. ते कळत नसेल तर उतारावर काय गंमत?"

म्हणून एका संध्याकाळी मामा स्वतःसाठी क्लिपचे बूट घेऊन आला तेव्हा जेवणाच्या टेबलावरचे चमचे थांबले. मामा-मामी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, पण जेवण एकत्र.

"अहो, हे कुणाचे?" मामीने विचारलं.

"माझे."

"तुमचे? पाय बांधून उतारावर जायला मी काय पार्सल आहे का, असं कोण म्हणत होतं?"

"माणूस बदलतो."

"माणूस बदलत असेल. तुम्ही लग्न झाल्यापासून चहाचा कप बदललेला नाही."

मामा हसला आणि ताटात बघत राहिला. उतारावर त्याचा पाय पेडलवरून सुटायला लागला होता, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. खडखडाटात मध्येच खाली बघावं तर पाय हवेत लोंबकळतोय, आणि कधी सुटला याचा पत्ता नाही. क्लिपने पाय निदान जागेवर तरी राहील, असा त्याचा हिशेब.

पुढच्याच रविवारी तो फाटकाशी पडला. क्लिपमधून पाय सोडवायचा तर टाच बाहेर फिरवावी लागते. मामाने ब्रेक मारला, टाच फिरवली, निदान फिरवली असं त्याला वाटलं, आणि सायकलीसकट एका अंगावर गेला. सावकाश. कपाट कलंडावं तसा.

समोरचे आजोबा खिडकीतून ओरडले, "काय हो, उतरलात की कोसळलात?"

"उतरलो!" मामा जमिनीवरून म्हणाला.

सगळे खो खो हसलो, आजोबांना तर खोकला लागला. मामी तेवढी हसली नाही. मामा क्लिपमध्ये अडकलेल्या आपल्याच पायाकडे बघत होता, स्टेशनवर कुणाच्या तरी बेवारशी सामानाकडे बघावं तसा.

दुसऱ्या दिवशी मामी जेवणाच्या वेळी एक मोजा चिमटीत धरून खाली आली. मामीची लाँड्री आहे. डागांच्या बाबतीत तिला कुणी फसवू शकत नाही.

"हे काय?"

"काय असणार? चेनचं वंगण."

"वंगण काळं असतं."

"मग गंज."

"हे रक्त आहे. आणि तळव्याचं आहे. पाय दाखवा."

"अगं, जेवतोय मी."

"पाय जेवत नाहीत. वर करा."

मामाने पाय वर केला. चवड्याखाली एक भोक होतं, कडा पांढऱ्या, फुगलेल्या. माझी आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण, "अरे देवा" म्हणून उठलीच. मामीने काही न बोलता दारातला बूट आणला, आत हात घातला आणि "आई गं!" करून झटकन बाहेर काढला. तिच्या बोटावर रक्ताचा थेंब. क्लिप तळव्याला बसवायचा स्क्रू जरा लांब होता, त्याचं टोक आतला पापुद्रा फाडून वर आलं होतं.

"अहो, यावर तुम्ही काल दिवसभर पेडल मारलंत?"

"कळलं नाही."

"कळलं नाही म्हणजे?"

मामाने पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. "म्हणजे कळलं नाही."

मामी बोट धुवायचं विसरून उभी राहिली. आईने तोवर तिच्या हातातला बूट घेतला होता, जीभ उलटून आतला आकडा बघितला.

"दादा, हा तर तुझ्या नंबराचा नाहीच. एक नंबर लहान आहे. तू असा बूट घेतलास? तू?"

मामाने तिच्या हातातून बूट घेतला. मग गिऱ्हाइकाला समजावतो त्याच स्वरात म्हणाला, "माझ्या नंबराचे सगळे घालून बघितले. सैल वाटतात. घातलेत की नाहीत हेच समजत नाही. मग खाली खाली येत गेलो. हा एक जरा जाणवला. म्हटलं, हाच आपला."

माझ्या ताटातला घास तसाच राहिला. जन्मभर लोकांची बोटं हलवून घेणारा माणूस बोटं आवळणारा बूट घालून फिरत होता, कारण तेवढाच त्याच्यापर्यंत पोचत होता.

"साखर तपासली होती ना मागे?" आईने विचारलं.

"थोडीशी आहे."

"गोळ्या?"

"आठवलं की घेतो."

"आणि हे पायाचं? कधीपासून?" मामीचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"सांगितलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतंस. तो म्हणाला असता, सायकल बंद."

तो नव्हता, ती होती. डॉक्टरबाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. मी आणि मामी भिंतीला टेकून उभ्या होतो. बाईंनी नायलॉनचा एक जाड धागा घेतला. "डोळे मिटा. पायाला लागलं की हो म्हणा."

मामाने डोळे मिटले. बाईंनी धागा अंगठ्याला टेकवला. मामा गप्प. टाचेला टेकवला. गप्प. मग त्या काहीच न करता नुसत्या बसल्या, तेव्हा मामा म्हणाला, "हो." थोडं थांबून परत, आणखी उत्साहाने, "हो हो." मामीने माझं मनगट पकडलं.

"उघडा डोळे," बाई म्हणाल्या. "जखम भरेपर्यंत या पायावर भार नाही. सायकल नाही."

"आणि भरल्यावर?"

"सपाट रस्त्यावर बघू. डोंगर नाही."

"क्लिप काढून टाकली तर? पूर्वी मी सपाट बूटच वापरायचो."

"नाही."

"रुंद घेतो. नंबराचा घेतो. हवं तर पट्टीवर मोजून घेतो."

"ते घ्याच, रोज चालायला. घालण्याआधी आत हात फिरवून बघायचं, रोज. पण त्या उतारासाठी मी तुम्हाला कुठलाच बूट सांगणार नाही."

"जरासा उतार?"

"किती जरासा?"

मामाने पाय ओढून घेतला.

घरी येताना गाडीत मामीने विचारलं, "कप्तानला मी सांगू?"

"कुणाला काही सांगायचं नाही."

"अहो, पण..."

"सांगितलं की उद्या सगळे दुकानात येऊन माझ्या पायाकडे बघतील. मी बघायचं त्यांच्या पायाकडे. ते माझ्याकडे नाही."

हे शेवटचं तो इतक्या जोरात बोलला की ड्रायव्हरने आरशातून बघितलं.

मधले दिवस मामी मामाला नेहमीच्या रागाने एकदाही बोलली नाही, त्यामुळे घर फारच शांत होतं. शनिवारी मामाने सायकलची चेन पुसली, चाकात हवा भरली. मामी जिन्यातून बघत होती. थांबवायला गेली नाही. आईला म्हणाली, "मी नाही म्हटलं तर ते माझ्यावर रुसून बसतील आणि लपून जातील. त्यांचं त्यांनी ठरवू दे." पण रात्रभर तिला झोप नसावी. सकाळी डोळे सुजलेले होते.

रविवारी उन्हं यायच्या आत फाटकाशी शिट्टी वाजली. "चला चला! धार वाट बघतेय! मास्तर, खाली या!"

मामा पायऱ्यांवर बसला होता, पाय स्टुलावर, शेजारी मामी औषधाचा डबा घेऊन. कप्तान फाटकावरून वाकला. "हे काय हो?"

मामाने एकदा सायकलीकडे बघितलं.

"पाय दुखतोय."

"फार?"

"फार. टेकवत नाही."

"अरेरे! मुरगळला असणार. कढत पाण्यात बुडवून बसा, बघा कसा मोकळा होतो." मामीचा हात जागच्या जागी थांबला. "मग पुढच्या रविवारी?"

"नाही. तुम्ही जा. आणि दुसऱ्या वळणानंतर दगड सुटे आहेत, तिथे ब्रेक धरू नका."

"तुमच्याशिवाय उतारावर मजा नाही हो."

"जा हो! ऊन चढेल."

ते गेले. गिअर बदलल्याचे खटके, कुणाचं तरी हसणं, मग वळणापलीकडे तेही नाही. मामा त्या वळणाकडे बघत राहिला. मामी खाली वाकून काम करत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता. ते औषध फार झोंबतं. परवा तिच्या बोटाला लावलं तेव्हा ती किंचाळली होती.

जरा वेळाने मामा म्हणाला, "अगं, बसलीयस काय? सुरू कर ना आता."

"झालं," मामी म्हणाली. ती पट्टीची गाठ मारत होती.