बर्फातली कणी

पाचूबंदरची प्रिस्का लग्न होऊन आली त्या वर्षापासून वसईच्या बाजारात मासळी विकते. तिच्या पाटीतलं पापलेट ताजं आहे का, असं विचारायला जुनी गिऱ्हाइकं धजत नसत. कुणा नवख्यानं विचारलंच, तर ती माशाचा लालभडक कल्ला उघडून त्याच्या नाकासमोर धरायची आणि म्हणायची, "बर्फातला माल पायजे असेल तर काचेच्या दाराच्या दुकानात जा बाबा. हितं कालचा पन मासा नाय."

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला एका सकाळी ही प्रिस्का बाजारात बसल्या जागी कलंडली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. शेजारी बसणाऱ्या रोझलीननं तिला धरलं, चहावाल्याकडून साखर आणून तिच्या तोंडात घातली आणि रिक्षातून थेट दवाखान्यात नेलं.

"डायबेटिसची गोळी घेतली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"घेतलेली."

"आणि खाल्लं काय?"

"चा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ही गोळी रिकाम्या पोटी घेतली तर साखर पार खाली जाते, सकाळी पोटभर खाल्ल्याशिवाय ती घ्यायची नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. प्रिस्कानं मान हलवली. पण सकाळी खाणं तिनं कधीच सोडलं होतं. नवरा क्लेमेंट होता तेव्हा त्याची बोट पहाटे लागायची. प्रिस्का चार मांदेली तळायची, भाकरी थापायची आणि माल उतरवायच्या आधी दोघं ओट्यावर बसून जेवायची. क्लेमेंट गेला आणि सकाळच्या तव्याला हात लावावासा तिला वाटेना. एकटीसाठी कोण पीठ मळणार?

घरात ती तशी एकटी नव्हती. मुलगा ब्रायन जहाजावर, महिनोन्महिने बाहेर. पण सून प्रिन्सी घरात होती. ती गोखिवऱ्याची. सातिवलीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. सकाळी दोघींचीही पळापळ, एक मासळीच्या लिलावाला, एक कामावर. दोघींत भांडण नव्हतं, पण बोलणंही बेताचंच.

दुसऱ्याच दिवशी प्रिन्सीनं सुपरमार्केटमधून एक पुडा आणला. आत बर्फात गोठवलेल्या गोल वड्या होत्या. "मम्मी, हे स्टील कट ओट्स, म्हणजे जाडसर तुकडे केलेले. आधीच शिजवलेले आहेत. मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं की पाच मिनिटांत तयार. साखरेलाही चांगले."

सकाळी तिनं एक वडी दुधात गरम करून दिली. प्रिस्कानं चमचाभर तोंडात घेतलं. "ही आजाऱ्याची पेज," ती पुटपुटली. प्रिन्सी चप्पल घालायला वळली तशी प्रिस्कानं वाटी मागच्या दारी नेऊन मांजरापुढे ठेवली. मांजरानं वास घेतला आणि ते निघून गेलं.

तीन-चार दिवस असंच चाललं. मग एका सकाळी प्रिन्सी विसरलेला डबा न्यायला परत आली आणि मागच्या दारात ओतलेले ओट्स तिला दिसले. प्रिस्काला वाटलं, आता ही रागावणार. प्रिन्सी रागावली नाही. दाराच्या चौकटीला धरून ती उभी राहिली.

"रोझलीनआंटीचा फोन आला, त्या दिवशी," ती म्हणाली, "सातिवलीहून दवाखान्यात येईपर्यंत मला माहीत नव्हतं, तुम्ही आहात की नाही. रिक्षात बसून मी काय काय विचार केला, तुम्हाला काय सांगू?"

आपल्यासाठी कुणी एवढं घाबरलं असेल, हे प्रिस्काच्या ध्यानीमनी नव्हतं. रिकामी वाटी उचलत ती म्हणाली, "दूध घालून नको गो. उद्या माज्या पद्धतीनं करू."

दुसऱ्या दिवशी तिनं कढईत तेल तापवलं, लसूण ठेचून टाकली, हिरवी मिरची आणि मूठभर सुका जवळा परतला, वर वडी सोडून थोडं नारळाचं दूध ओतलं. बर्फ विरघळला, दाणे मोकळे झाले. प्रिस्कानं चमच्यात घेऊन निरखलं.

"ही तर कनी! तांदळाची असते ना, तशीच." तिनं खाल्लं. दाणा दाताखाली येत होता, पेजेसारखा गिळगिळीत नव्हता. तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि मग गोळी घेतली.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर दोघींनी सुटे ओट्स आणून मोठ्या टोपात शिजवले. निवल्यावर वाट्यांत भरून फ्रीजरमध्ये गोठवले. सुक्या बोंबलांची पिशवी दुसऱ्या कप्प्यात हलवावी लागली, त्यावरून थोडी वादावादी झाली.

"मम्मी, आता बर्फातलं चालतं वाटतं?" प्रिन्सीनं हसत विचारलं.

"आपल्या हातानं ठेवलेलं चालतं," प्रिस्का म्हणाली. "पन मासा नाय हां!"

आता सकाळच्या खाण्यासाठी पीठ मळायला नको, वडी परतली की झालं. निघण्याआधी दोघी ओट्यावर वाट्या घेऊन बसू लागल्या. क्लेमेंटच्या गोष्टी निघाल्या. तो पोहण्यात कसा पटाईत होता आणि लग्नात सुटाच्या बुटांनी कसा लंगडत होता, हे प्रिन्सीला प्रथमच कळलं.

गुड फ्रायडे आला. प्रिस्काचा त्या दिवशीचा कडक उपास सगळ्या गल्लीला ठाऊक होता. दुपारपर्यंत ती पाण्यालाही शिवत नसे. प्रिन्सीला आदल्या दिवसापासून धास्ती. समजावलं तर सासू ऐकेल का, आणि धर्माच्या गोष्टीत आपण बोलावं का, तिला कळेना.

सकाळी ती उठून आली तेव्हा प्रिस्कानं फ्रीजरमधून वडी आधीच बाहेर काढली होती. लसूण नाही, जवळा नाही, नुसतं पाणी आणि मीठ.

"फादरांना इचारलं मी," ती म्हणाली. "ते बोलले, आजारी मान्साला सक्ती नाय. म्हनून चव तेवढी सोडली."

तिनं ती बेचव कणी सावकाश संपवली, गोळी घेतली, पांढरी साडी नेसली. मग दोघी येशूच्या यातना आठवत करायच्या क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला चर्चच्या आवारात गेल्या. उन्हात बराच वेळ उभं राहावं लागलं. प्रिन्सी मधूनमधून सासूच्या चेहऱ्याकडे पाहत होती. प्रिस्का ताठ उभी होती आणि खणखणीत आवाजात गात होती.