एक्स-रेतलं मंगळसूत्र

डॉक्टरांना माझ्या बायकोच्या रक्तात कॅन्सर असल्याचा संशय आल्ता. छातीतही गाठी आहेत का, ते बघायला मी तिला अंबडहून जालन्याला एक्स-रे काढायला नेलं. एक्स-रेवाला म्हणाला, "मंगळसूत्र काढून ठेवा." तिचा हात गळ्याकडं गेलाही. मी भडकलो, "मी जित्ता हाये. तिचा गळा बिलकुल मोकळा व्हनार न्हाई!" तिनं हात खाली घेतला.

फिल्मवर छातीच्या मधोमध सोन्याच्या वाट्या पांढऱ्याफटक उमटल्या. डॉक्टर म्हणाले, "वाट्यांमागचं काहीच दिसत नाही. मंगळसूत्र काढून पुन्हा या." मी तिला पुन्हा नेलंच न्हाई.

पुढच्याच महिन्यात ती गेली. तिला उचलायच्या आधी बायका मला म्हणाल्या, "मंगळसूत्र काढून घ्या."

मी जित्ताच होतो. माझ्याच हातानं काढलं.