खंडेनवमीचा बंब

आग विझवायचा बंब आमच्या दारात असायचा असं मी सांगते, तेव्हा नातसुनांच्या डोळ्यांपुढं लाल मोटार येते, वर शिडी न् पुढं घंटा. तसलं काही नव्हतं बायांनो. साताऱ्याहून सांगलीकडं येताना कृष्णाकाठी लागतं ते आमचं लहानसं गाव. लढाईचे दिवस. नगरपालिकेचा एक हातबंब होता, चार चाकांचा लोखंडी गाडा. त्याच्या पोटात पाण्याची टाकी, दोन्ही अंगांना लांब दांडे. चार माणसं इकडं, चार तिकडं. ह्यांचा दांडा खाली गेला की त्यांचा वर, जात्यावर बसलेल्या दोघींसारखा ताल धरायचा. टाकीत बायकांनी घागरींनी पाणी ओतत राहायचं. पाइप जाड कापडाचा, चार तुकड्यांचा, आणि तुकड्याला तुकडा जोडायला आट्यांचे पितळी जोड.

आमचे मालक त्या बंबावरचे मुख्य. बंबाची शेड आणि आमची खोली यांच्यात एकच भिंत. लग्न होऊन मला वर्ष झालं होतं. शाळा मी पाहिली नाही, अक्षरं पुढं वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरून शिकले. पण बंब पुसायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. सासरी माझ्या वाट्याला देव्हारा आला नव्हता, तो बंबच काय तो आला होता.

दोन गल्ल्या सोडून पिंजाऱ्याचं घर. त्याची म्हातारी आई, तिला सगळे अम्मा म्हणायचे. अर्ध्या अंगावरनं वारं गेलेलं, दिवसभर दारात बाजेवर पडून असायची, भोवती कापसाचे ढीग. मी नवी नवरी, माणसांना बुजायची. तिनं मला हाक मारून बाजेवर बसवलं, गल्लीत कोण कसं ते सांगितलं. मी दिसले की तिची थट्टा ठरलेली. "काय गं बंबवाल्याची बायकू, चूल पेटती का न्हाई तुजी? का त्यो तीबी इझवून ठेवतो?" माझी आई लांब, कवठे महांकाळच्या बाजूला एका कोरड्या गावात. ह्या गावात मला आई होती ती अम्माच.

आता खंडेनवमीचं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण हत्यारं-अवजारं पुजतो. माझ्या माहेरी एकदा हळदकुंकू लागलं की विळासुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंत जागचा हलवत नाहीत. मालकांना मी हे सांगितलं तर हसले. "आग काय पंचांग बघून लागती व्हय? फुलं वाहा, नारळ फोडूया. पर काय सोडू नगंस, काय उसकटू नगंस."

मी ऐकायला हवं होतं. सकाळी ते फुलं-नारळ आणायला बाजारात गेले, आणि मला वाटलं, ते जोड काळे पडलेत, सणासुदीला बरं दिसत नाही. चिंच आणि राख घेऊन बसले. आतून चांगलं निघावं म्हणून जोड सोडले, तर प्रत्येकात एक चामड्याची चकती. त्यांना वायसर म्हणतात हे ऐकून होते, पण ते कशाला असतात ते मला ठाऊक नव्हतं. चामड्याला चिंच लागू नये म्हणून बाजूला काढले, गोडं तेल चोळलं. आता तेल लावलेल्या अवजाराला कुंकू नको का? पाटावर तांदूळ पसरून ते तीन वायसर मांडले, हळदकुंकू लावलं, वर झेंडूची फुलं ठेवली. आणि कुंकू लागलं म्हणजे आता ते उद्यापर्यंत हलायचे नाहीत. उद्या शिलंगणाला निघायच्या आधी बसवू म्हटलं, आणि जोड तसेच आवळून टाकले. मालक आले, पितळ बघून खूश झाले. फुलांखाली काय आहे ते त्यांनी पाहिलं नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला चौकातली घंटा वाजली. पिंजाऱ्याच्या घराला आग. चुलीतली ठिणगी कापसावर पडली होती. तो कामाला बाहेर गेलेला. त्याची बायको पोरांना घेऊन बाहेर पडली, पण अम्माची बाज त्या दिवशी ऊन चढलं म्हणून आतल्या खोलीत सरकवलेली. तिला उचलायला एकटी बाई पुरेना. मालकांनी बंबाचे हार काढून फेकले आणि आठ माणसांनी गाडा पळवत नेला. मी घागर घेऊन मागं.

दांडे चालू झाले. टाकी भरलेली, माणसं दम टाकून दाबतायत, आणि पाणी तिन्ही जोडांतनं फवारे मारून रस्त्यावर चाललंय. तोटीतनं निघालं ते तुळशीला घालतात एवढं. मालकांनी जोड हातात धरला, आत बघितलं, मग मान वळवून गर्दीत मला शोधलं.

"वायसर कुटं हायती गं?"

आवाज चढवून नाही बोलले. मी घागर टाकली आणि पळाले. शेडमध्ये पाटावरची फुलं उधळली, वायसर ओच्यात घेतले, तशीच परत पळाले. किती वेळ लागला असेल? पाच मिनिटं, सात मिनिटं. मी जन्मभर ते अंतर चालून बघितलंय.

तोवर त्यांनी डोक्याचा पटका फाडून जोडांना गुंडाळला होता, आणि ओलं पोतं पांघरून ते आत गेले होते. मी पोचले तेव्हा ते रस्त्यात बसले होते, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, आणि एकटेच. आतलं आढं खाली आलं होतं. दुसऱ्यांनी वायसर बसवले. मग पाणी असं सुटलं की शेजारच्या घरांची कौलंसुद्धा धुऊन निघाली. शेजारची सगळी घरं वाचली.

नगरपालिकेच्या साहेबांनी चौकशी केली. मी दाराआड उभी होते. मालक म्हणाले, पूजेसाठी वायसर मीच काढले, बसवायचं ध्यानात राहिलं नाही. आदल्या रात्रीच त्यांनी मला बजावलं होतं, तू तोंड उघडायचं नाहीस. त्यांना बंबावरनं काढलं आणि रस्त्यावरचे कंदील पुसायला लावलं. भाजलेल्या हातांनी ते काचा पुसायचे. पिंजारी भर चौकात त्यांना विचारायचा, "पूजा झाली न्हवं रं बरूबर तुजी?" हे खाली मान घालून पुढं जायचे.

अम्माचा चाळिसावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला राहवेना. पिंजाऱ्याच्या दारात जाऊन मी सगळं सांगितलं. पाट, तांदूळ, तेल, सगळं. तो ऐकून घेऊन उठला, मला पुढं घालून आमच्या घरी आला, आणि मालकांना विचारलं, ही म्हणती ते खरं का?

मालक कंदिलाच्या वाती कातरत होते. वर न बघता म्हणाले, "तिचं काय ऐकतूस गड्या. येडी हाय ती. वायसर म्याच काडलं."

पिंजारी म्हणाला, "बायकुला पुढं करतुयास व्हय रं आता." आणि जमिनीवर थुंकून निघून गेला.

मी सोडवायला गेले आणि त्यांच्या अंगावर आणखी एक घाण टाकून आले.

पुढं बरीच वर्षं गेली. पिंजारी त्याच गल्लीत राहिला, आमच्या दारावरनं जाताना तोंड फिरवायचा. आमच्या गाद्या मी कधी पिंजून घेतल्या नाहीत, गाठी झालेल्या तशाच वापरल्या. मग एका उन्हाळ्यात तो वारला. मालक मातीला गेले. मी म्हटलं, हाकलून देतील. संध्याकाळी परत आले, हातपाय धुतले, आणि भिंतीला टेकून बसले.

"त्याच्या पोरांनी मूठभर माती टाकू दिली मला," म्हणाले.

मी म्हटलं, आता तरी खरं सांगूया का त्या पोरांना?

ते माझ्याकडं बघून इतकंच म्हणाले, "आता सांगून कुनाचं काय निघायचं?" आणि जेवायला वाढ म्हणाले.